जुन्या कोर्ट फी आणि रसीद तिकिटांचा कागद कसा ओळखावा?

पानगळ

नमस्कार मंडळी,

जुन्या बाजारात दस्तांचं एक बाड हाती लागलं. गहाणखतं, कर्जरोखे, वकीलपत्रं, कोर्टाचे अर्ज, घरभाड्याच्या पावत्या, सगळं एकत्र बांधलेलं. काही मोडीत, काही बाळबोधात. बहुतेकांवर कोर्ट फीची नाहीतर रसिदीची तिकिटं आहेत. पोस्टाची तिकिटं मी शाळेपासून जमवते, पण अशा महसुली तिकिटांत अगदीच नवखी आहे.

अडलंय ते इथे. दक्षिणेकडच्या एका संस्थानाची दोन आण्यांची कोर्ट फी तिकिटं तीन वेगवेगळ्या अर्जांवर लावलेली आहेत. छाप तोच, रंगही जवळपास तोच. अर्ज खिडकीच्या काचेला टेकवून पाहिला की पहिल्या तिकिटात बारीक समांतर रेघा दिसतात. दुसऱ्यात काहीच दिसत नाही. तिसऱ्यात रेघा उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही आहेत, बारीक चौकड्या पडल्यात. मग लेड (रेघांचा), वोव्ह (बिनरेघांचा) आणि चौकटीचा असे तीन कागद धरायचे का?

एका विक्रेत्याला फोटो पाठवले. त्याच्या मते तिन्ही वेगळ्या व्हरायटी आहेत, आणि बाडातलं चौथं तिकीट जे पिवळट पडलंय ते 'टोन्ड पेपर' (बनवतानाच रंग दिलेला कागद), म्हणजे सगळ्यांत दुर्मीळ. "पाण्यात सोडवून सुटी करून आणा, मग भाव सांगतो," असं म्हणाला. सोडवायची का? आणि घरच्या घरी कागद कसा ओळखायचा, कॅटलॉग कुठला बघायचा? कागदातली खूण दिसावी म्हणून तिकिटावर टाकतात ते बेन्झिन वगैरे कधी वापरलेलं नाही.

जुनाकागद

पाण्यात टाकू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी.

कारणं तीन. मोडी दस्त बोरूने काजळीच्या शाईत लिहिलेले असतात. ही शाई काळाने फिकी पडत नाही, पण ती डिंकात खललेली असते, पाणी लागलं की फुटते. दुसरं, महसुली तिकिटांचे रंग बऱ्याचदा मुद्दाम कच्चे ठेवलेले असत. वापरलेलं तिकीट धुऊन कोणी पुन्हा लावू नये म्हणून. इंग्लंडात डी ला रू कंपनीला १८५३ साली हुंडी-पावतीच्या एक पेनी तिकिटांचं काम मिळालं, तेव्हापासून हाच विचार चालत आला आहे: शाई अशी हवी की धुतली की तिकीटच बिघडेल. तुम्ही धुवायला घेतलंत तर ती शाई तिचं काम चोख बजावेल. तिसरं कारण सगळ्यांत मोठं. तिकिटावर तारीख नसते, दस्तावर असते. सुटं केलेलं कोर्ट फी तिकीट म्हणजे एक रंगीत तुकडा. अर्जावरचं तिकीट म्हणजे कुठल्या कचेरीत, कुठल्या साली, कुठल्या कामासाठी वापरलं याचा पुरावा. कागदाचे प्रकार लावायचे तर हा पुरावाच तुमचं मुख्य हत्यार आहे.

आता रेघांकडे. ज्या अर्जावर तिकीट आहे तो अर्ज स्वतः कुठल्या कागदाचा आहे ते पाहिलंत का? दस्त उजेडात धरला की तुम्ही तिकीट आणि दस्त असे दोन कागद एकावर एक पाहत असता. खालचा कागद लेड असेल तर त्याच्या रेघा तिकिटातून दिसतात आणि त्या तिकिटाच्याच वाटतात. म्हणून आधी एवढं करा: रेघ तिकिटाच्या कडेपर्यंत येते आणि कडेबाहेर त्याच ओळीत पुढे जाते का, ते बघा. जात असेल तर ती दस्ताची.

पानगळ

काका, आत्ताच पाहिलं. पहिल्या अर्जात रेघा तिकिटाच्या डावीकडून सुरू होऊन, तिकिटाखालून जाऊन उजवीकडे बाहेर पडतात. सलग. मार्जिनपर्यंत तशाच आहेत.

दुसऱ्या अर्जाच्या कागदात कुठेच रेघा नाहीत. तिसऱ्यात आडव्या रेघा बाहेर जातात, उभ्या मात्र तिकिटाच्या कडेला थांबतात.

जुनाकागद

मग उत्तर तुम्हीच दिलंत. पहिल्या तिकिटाच्या रेघा दस्ताच्या, त्यामुळे तिकीट कुठल्या कागदाचं हे अजून कळलेलं नाही. दुसरं वोव्ह, कारण दोन्ही थरांत काहीच नाही. तिसरं खरं लेड, आणि दस्तही लेड. दोघांच्या रेघा एकमेकींना काटकोनात आल्या म्हणून चौकड्या दिसल्या. चौकटीचा कागद म्हणून तो धरू नका. खऱ्या चौकटीच्या कागदात दोन्ही दिशांच्या रेघा एकाच थरात असतात आणि चौकोन एकसारखे असतात.

हे तिसरं तिकीट जपा. दुसरं आणि तिसरं एकाच छापाची, पण वेगळ्या कागदावरची ठरतात. शोधायची गोष्ट हीच असते.

नवीन वाचकांसाठी थोडं मुळापासून लिहितो. कागद बनवताना लगदा ज्या चाळणीवर उचलतात तिची खूण कागदात राहते. चाळणी बारीक विणलेल्या तारेची असेल तर खूण जवळजवळ दिसतच नाही, तो वोव्ह. चाळणी समांतर काड्यांची किंवा तारांची असेल तर जवळजवळ असलेल्या बारीक रेघा उमटतात, आणि त्यांना काटकोनात, साधारण एक इंच अंतरावर, बांधणीच्या जाडसर रेघा येतात. हा लेड. युरोपात वोव्ह कागद अठराव्या शतकाच्या मध्याला आला. १७५७ साली बर्मिंगहॅमला बास्करव्हिलने छापलेल्या एका पुस्तकात तो पहिल्यांदा वापरला गेला. त्याआधीचा तिथला सगळा कागद लेडच.

आपल्याकडच्या हातकागदाची चाळणी गवताच्या काड्यांची असे, घोड्याच्या केसांनी गुंफलेली. तारेच्या चाळणीइतकी ती एकसारखी नसते. म्हणून देशी हातकागदाच्या रेघा थोड्या वाकड्या, कुठे दाट कुठे विरळ असतात. यंत्राच्या लेड कागदात ओल्या कागदावरून एक जाळीचा रूळ फिरवून रेघा पाडतात. त्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ येतात. रेघा पाहून देशी की गिरणीचा हे बहुतेक वेळा सांगता येतं.

एक सावधगिरी. तिकीट वीस-बावीस मिलिमीटर रुंद असतं आणि बांधणीच्या रेघा पंचवीस मिलिमीटरच्या आसपास अंतरावर असतात. त्यामुळे एखाद्या तिकिटावर बांधणीची रेघ अजिबातच येणार नाही. ती नाही म्हणून लेड नाही असं ठरवू नका.

टांकसाळ

काकांशी बहुतांशी सहमत, पण सोडवण्याला एवढा सरसकट विरोध पटत नाही. सुटी तिकिटं बाजारात ढिगाने मिळतात, त्यांच्यावर बेन्झिन वापरलं तर काय बिघडतं? वॉटरमार्क (कागदातच उमटवलेलं जलचिन्ह) नुसत्या उजेडात दिसत नसेल तर हाच मार्ग. काळी बशी, लायटरमध्ये भरतात ते पेट्रोल, तिकीट उलटं ठेवायचं, दोन थेंब. पातळ जागा गडद दिसते आणि जलचिन्ह उमटतं. मिनिटभरात उडून जातं, डिंकालाही काही होत नाही.

सरावासाठी सगळ्यांत स्वस्त माल म्हणजे पाचव्या जॉर्जचं एक आण्याचं चॉकलेटी तिकीट. जुन्या पावत्यांवर शेकड्याने असतं. लंडनला डी ला रूने छापलेल्या तिकिटात एकच तारा असतो. १९२६ पासून नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापायला लागले तेव्हाच्या कागदात ताऱ्यांची रांगोळी आहे, एका तिकिटात अनेक तारे. दोन्ही शेजारी ठेवा, नजर बसते. नुसता कागदसुद्धा हाताला वेगळा लागतो.

जुनाकागद

सुट्या तिकिटांबद्दल वाद नाही. सरावाचा माल छान सुचवलात. माझा विरोध दस्तावरचं सोडवून सुटं करण्याला आहे.

बेन्झिनबद्दल दोन गोष्टी जोडतो. फोटोग्राव्ह्यूरने (कोरलेल्या रुळावरून छापण्याच्या पद्धतीने) छापलेल्या काही तिकिटांची शाई बेन्झिनमध्ये विरघळते, त्यामुळे १९५२ नंतरचं नाशिकचं काहीही त्यात घालण्यापूर्वी कोपऱ्यावर थेंब टाकून पाहावं. आणि खिडकी उघडी, देवघरातली समई-उदबत्ती विझलेली, गॅस बंद. बेन्झिनची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबूनही पेट घेते. पुण्यातल्या वन-आरके फ्लॅटमध्ये ओट्याशेजारी बसून हे करणारे पाहिलेत, म्हणून लिहितो.

संस्थानी तिकिटांना मात्र बेन्झिनचा उपयोग कमी. बहुतेकांत तिकिटासाठी मुद्दाम घातलेलं जलचिन्ह नसतंच. संस्थानं बाजारातला लिहिण्याचा कागद विकत घेत आणि त्यावर छापत. त्या अख्ख्या तावात कागद गिरणीचं नाव किंवा चिन्ह असेल तर त्यातलं एखादं अक्षर, अर्धी वेलांटी एखाद्या तिकिटात येते. अशी तुकड्यातली अक्षरं वेगळी व्हरायटी म्हणून धरत नाहीत, पण कागद कुठल्या गिरणीचा हे शोधायला त्यांच्याइतका चांगला धागा नाही. दिसलं की टिपून ठेवा.

बोरू

पानगळ, तुमच्या तिन्ही अर्जांवरच्या तारखा इथे द्याल का? मोडी असेल तर फोटो टाका, मी वाचून देईन.

तारखांबद्दल थोडं, कारण इथे बरेच जण गोंधळतात. आपल्याकडच्या दस्तात शके असेल तर ७८ मिळवा. शके १८१० म्हणजे १८८८. फसली (महसुली सन) असेल तर ५९०. आपल्याकडचा फसली जूनमध्ये सुरू होतो, त्यामुळे फसली १३०० म्हणजे जून १८९० ते जून १८९१. 'सुहूर सन' (मराठी दप्तरांतला अरबी सन) असेल तर तो अक्षरी अरबी अंकांत असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. तिथी-महिना नीट वाचल्याशिवाय वर्ष पक्कं करू नका. पौषातला शके १८१० पुष्कळदा १८८९च्या जानेवारीत जातो.

स्टॅम्प पेपरवर आणखी एक सोय असते. मागच्या बाजूला वेंडरचा शेरा: अनुक्रमांक, विकल्याची तारीख, घेणाऱ्याचं नाव, किंमत, वेंडरची सही. दस्त केव्हा लिहिला आणि कागद केव्हा विकला गेला या दोन वेगळ्या तारखा मिळतात. कधी त्यांत काही महिन्यांचं अंतर असतं. कागद कुठल्या काळातला हे बघायचं तर विक्रीची तारीख जास्त जवळची.

पानगळ

बोरूताई, आभार! दोन तारखा मला लागल्या होत्या, बाळबोधात आहेत. दुसरा अर्ज (वोव्ह) फसली १३११. तिसरा (लेड) फसली १३०४. पहिल्याचा फोटो टाकते आहे.

बोरू

पहिला फसली १३०३. आषाढातला, म्हणजे १८९३चा पावसाळा.

जुनाकागद

म्हणजे तुमच्याकडे १८९३, १८९४-९५ आणि १९०१-०२ आहेत. लेड आधीचा, वोव्ह नंतरचा, असं सुचतंय. तीन दस्तांवर निष्कर्ष काढायचा नाही, पण अशाच दस्तांची संख्या वाढली की संस्थानाने कागद केव्हा बदलला ते दिसायला लागतं. सुट्या तिकिटांवरून हे आयुष्यभर कळणार नाही.

दुसऱ्या बाजूनेही जपून. दस्ताची तारीख म्हणजे तिकीट वापरल्याची तारीख, छापल्याची नव्हे. छोट्या संस्थानांच्या कोषागारात जुना साठा वर्षानुवर्षं चालत असे. म्हणून एखाद्या कागदाची 'सर्वांत आधीची' तारीख उपयोगाची, 'सर्वांत उशिराची' फारशी नाही.

कॅटलॉगचं विचारलं होतंत. संस्थानी महसुली तिकिटांसाठी कोपेल आणि मॅनर्स यांचा १९८३ सालचा ग्रंथ सगळे वापरतात, भाव आणि क्रमांकही त्यावरूनच सांगतात. त्यात कागदाची नोंद आहे, पण कागद हातात घेऊन शिकल्याशिवाय ती नोंद वाचताच येत नाही.

आता पहिल्या तिकिटाचं. त्यावर पंचाचं (भोक पाडायच्या हत्याराचं) भोक आहे का?

पानगळ

हो, तिन्हींवर आहे. मधोमध, साधारण पाच मिलिमीटरचं. त्यामुळेच विक्रेता म्हणाला की भाव कमी येईल.

जुनाकागद

भावाचं राहू द्या. ते भोक म्हणजे तुमची खिडकी आहे.

१८७०च्या कोर्ट फी कायद्याच्या ३०व्या कलमात स्पष्ट लिहिलंय: तिकीट रद्द करताना त्यावरचं मुखचित्र पंचाने उडवायचं, किंमत तशीच राहू द्यायची, आणि पंच केलेली चकती जाळून किंवा अन्यथा नष्ट करायची. संस्थानी कचेऱ्यांतही हीच रीत दिसते. म्हणजे भोक पडलेलं कोर्ट फी तिकीट हे नियमाप्रमाणे वापरलेलं तिकीट. तो दोष नव्हे.

पंच तिकीट आणि दस्त दोन्हीतून एकदम आरपार जातो. त्या भोकाच्या कडेला दोन्ही कागद कापलेल्या अवस्थेत दिसतात. दहापट भिंग घ्या, दस्त थोडा तिरपा धरा, उजेड बाजूने येऊ द्या. वरचा पातळ थर तिकिटाचा, मग खळीची किंवा डिंकाची चकाकणारी रेषा, मग दस्त. वरच्या थराच्या कडेला लांब, चिवट तंतू बाहेर डोकावत असतील तर ताग-अंबाडीसारख्या लांब तंतूंचा देशी कागद. कड स्वच्छ, आखूड तंतूंची, भुरभुरीत असेल तर गिरणीचा. पहिल्या तिकिटाची कड पाहून सांगा. आणि दातेरी कडेचा एखादा दात दस्तावरून सुटून वर उचलला गेला असेल तर त्याच्यामागून उजेड टाका. तेवढ्या दीड मिलिमीटरमध्येही रेघ दिसते.

दप्तरबंद

मी जुन्या कागदांच्या जतनाचं काम करते. त्या 'टोन्ड' तिकिटाबद्दल लिहायचंय, कारण या शब्दाखाली बाजारात काहीही खपवलं जातं.

कागद पिवळा पडण्याचं कारण बहुधा तो तसा बनवला हे नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या गिरणीच्या कागदाला राळ आणि तुरटीची खळ असते. तुरटीने आम्ल वाढतं. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन उजेडाने तपकिरी होतं. शेजारच्या आम्लधर्मी दस्ताचं आम्लही चांगल्या कागदात उतरतं. बाडात वर्षानुवर्षं चिकटून बसलेल्या दोन पानांवर एकमेकांचे डाग पडतात ते यामुळेच. तिकिटाच्या मागची लापशीची चिकी (चिकटवायची खळ) जुनी झाली की तीही पुढून पिवळी दिसते. हे सगळे काळाचे परिणाम. यांतला एकही कागदाचा प्रकार नव्हे.

मुळात टोन्ड कागदाची परीक्षा सोपी आहे. रंग समोरून, मागून आणि जाडीत, तिन्ही ठिकाणी एकसारखा हवा. दस्ताची घडी तिकिटावर आलेली असेल किंवा एका तिकिटाची कड दुसऱ्याखाली गेली असेल, तर तो झाकलेला भाग आणि उघडा भाग जुळवा. झाकलेला पांढरा आणि उघडा पिवळा असेल तर तो नुसता म्हातारा झालेला पांढरा कागद. पंचाच्या भोकाची कड इथेही उपयोगी: मूळचा रंग असेल तर कापलेली कडही त्याच रंगाची दिसते.

याच्या उलट देशी हातकागद शतकं टिकतो. त्याला तांदळाची किंवा गव्हाची खळ लावून वर गुळगुळीत दगडाने घोटलेला असतो. शाई फुटू नये आणि बोरू अडखळू नये म्हणून. तिरप्या उजेडात घोटण्याचे लांबट चकाकणारे पट्टे दिसतात. आम्ल नाही, त्यामुळे चिवटपणा राहतो. अशा कागदाला धुतलं की खळ निघते आणि तो केसाळ, मऊ, जाड होतो. मग तेच तिकीट 'सॉफ्ट थिक पेपर' म्हणून विकलं जातं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सोडवू नका यावर माझंही ठाम मत आहे.

कसबेकर

हातकागदाचा विषय निघालाच आहे तर. पेशवाईत जुन्नरचा आणि दौलताबादचा कागद नावाजलेला होता. आपल्या पुण्याच्या कसब्यातल्या कागदीपुऱ्याचं नावच कागद करणाऱ्यांवरून पडलंय. दौलताबादजवळ खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा अजून आहे आणि तिथे हातकागद अजून बनतो.

नवशिक्यांनी शिवाजीनगरला के. बी. जोशी रस्त्यावरच्या हातकागद संस्थेत जरूर जावं. तिथे वेगवेगळ्या वजनाचे हातकागद विकत मिळतात. एकेक ताव घेऊन घरी यावं, उजेडात धरावा, फाडून पाहावा. हातकागद सगळ्या दिशांनी जवळजवळ सारखाच फाटतो. यंत्राचा एका दिशेने सरळ आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा, कारण यंत्रावर तंतू धावत्या जाळीच्या दिशेने लागतात. तिकिटावर हा प्रयोग करता येत नाही, म्हणूनच आपल्या कागदावर करून हाताला शिकवायचं. अस्सल जुना कागद पाहायचा तर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहेच.

भोरच्या १८७९च्या पोस्टाच्या तिकिटांचं उदाहरणही बघण्यासारखं. अर्धा आणा आणि एक आणा, देशी कागदावर हाताने शिक्का मारून छापलेली. कागद इतका बदलता की अगदी पातळापासून जाडजूडपर्यंत सगळं सापडतं. आणि १९०१चं पंत सचिवांच्या (भोरच्या राजांच्या) चित्राचं तिकीट आलं ते वोव्ह कागदावर. म्हणजे पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर हा बदल आपल्याला दोन तिकिटांत पाहायला मिळतो.

टांकसाळ

पातळ-जाडचं कसं ठरवायचं यावर काका, लिहा. इथे सगळ्यांत जास्त फसवाफसवी होते.

जुनाकागद

स्क्रू गेज घ्यावा, शतांश मिलिमीटर मोजणारा, रॅचेटचा. बोटाने आवळू नये, रॅचेट टकटक वाजला की थांबावं. सुट्या तिकिटाचं चार-पाच ठिकाणी माप घ्या आणि मधलं धरा.

दस्तावर असेल तर तिकीट आणि दस्त मिळून एक माप, आणि तिकिटाला लागूनच नुसत्या दस्ताचं दुसरं. वजाबाकी केली की तिकीट आणि चिकीची जाडी येते. समजा एकत्र ०.१९ आणि दस्त ०.११, तर उरले ०.०८. चिकी किती हे नक्की कळत नाही, त्यामुळे एक-दोन शतांशाच्या फरकावर कधीच व्हरायटी उभी करायची नाही. हातकागदाच्या एकाच तावात याहून जास्त फरक असतो. देशी कागदाला 'जाड' आणि 'पातळ' अशा दोन खणांत बसवणंच मला मान्य नाही. तिथे जाडी सरकत जाते, मध्ये रेघ मारायला जागा नसते. गिरणीच्या कागदात मात्र ०.०६ आणि ०.१० असे दोन ठळक गट मिळाले, मधलं काही नाही, तर तिथे खरोखर दोन कागद आहेत.

आणि मापं पावसाळ्यात घेऊ नयेत. जुलैत पुण्याच्या हवेत कागद दमट होतो, फुगतो. घ्यायचीच तर सगळी एकाच दिवशी, एकाच खोलीत.

पेल्यूर हा शब्दही सैल वापरतात. पेल्यूर पातळ असतो, पण शिवाय कडक आणि अर्धपारदर्शक असतो, हलवला की खडखडतो. मागून छाप स्पष्ट वाचता येतो. नुसता पातळ आणि मऊ असेल तर तो पातळ वोव्ह. मागचा थर सोलला गेलेलं तिकीटही पातळ लागतं, ते तिरप्या उजेडात लगेच कळतं.

बाटोने हाही एक प्रकार लक्षात ठेवा. वहीतल्या आखणीएवढ्या अंतरावर जाड रेघा असलेला लिहिण्याचा कागद. जम्मू-काश्मीरच्या जुन्या पोस्टाच्या तिकिटांत आहे. तिकिटात अशी एखादीच रेघ येते आणि लोक ती बांधणीची रेघ समजतात. बांधणीच्या रेघेला काटकोनात बारीक रेघा असतात. बाटोनेत मधली जागा लेडही असते आणि कधी वोव्हही, आणि लेड असेल तर बारीक रेघा जाड रेघेला समांतर जातात.

चांदी घासून कागदावरचा खडूचा थर ओळखण्याची जुनी युक्ती कोणी सांगेल. खडूच्या थरावर चांदीची काळी रेघ उमटते हे खरं, पण ती कायमची राहते. करू नये. भिंगाखाली पृष्ठभाग पाहिला तरी पुरतं: खडूच्या कागदात तंतू दिसत नाहीत, छाप अतिशय रेखीव असतो.

नदीकाठ

वाचनखूण साठवली. एक प्रश्न: अल्ट्राव्हायोलेट टॉर्चचा उपयोग होतो का? पुण्यात तपकीर गल्लीत स्वस्तात मिळतात.

दप्तरबंद

होतो, पण कशासाठी ते नीट समजून. कागद शुभ्र दिसावा म्हणून घातलेली चमक आणणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर, साधारण १९५०च्या सुमारास कागदात आली. त्या कागदाला अल्ट्राव्हायोलेटमध्ये निळसर पांढरी झळाळी येते. म्हणून १८९०चं म्हणून दिलेलं तिकीट तसं झळाळलं तर थांबा: तिकीट नक्कल असेल, किंवा पंचाचं भोक नव्या कागदाने बुजवलं असेल. बुजवलेली भोकं तर टॉर्चखाली लगेच ओळखू येतात. गोल तुकडा तेवढाच उजळतो आणि बाकी तिकीट मंद राहतं.

पण झळाळी म्हणजे नक्कलच, असंही नाही. साबणाच्या पावडरमध्येही ही रसायनं असतात. कोणी तिकीट धुतलं असेल तर ते चमकतं. आणि चमकलं नाही म्हणजे अस्सल हेही सिद्ध होत नाही, कारण नक्कल करणारे जुन्या वह्यांची कोरी पानं वापरतात.

टॉर्च घेताना ३६५ नॅनोमीटरचा घ्या. ३९५च्या टॉर्चचा जांभळा उजेड इतका पडतो की मंद फरक त्यातच बुडतात. डोळ्यात पाहू नका, आणि दस्तावर फार वेळ धरू नका.

पानगळ

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. भिंग घेऊन बसले होते. निरीक्षणं अशी:

पहिलं तिकीट: पंचाच्या भोकाच्या कडेला वरच्या थराचे तंतू लांब आणि वळलेले आहेत. उजव्या बाजूला दोन दात दस्तावरून सुटलेत. एकाच्या मागून टॉर्च टाकला तर दातात एक फिकट रेघ दिसते, उभी. दस्ताच्या रेघा आडव्या आहेत, त्यामुळे ही रेघ दस्ताची नसावी. पण मग काचेला टेकवल्यावर ती उभी रेघ दिसली कशी नाही?

दुसरं: कड स्वच्छ, तंतू आखूड.

तिसरं: पहिल्यासारखंच, लांब तंतू.

चौथं, ते पिवळट: त्याचा डावा कोपरा दस्ताच्या घडीत झाकलेला होता. तिथे पांढरं आहे. भोकाची कडही आतून पांढरीच.

जुनाकागद

चौथ्याचा निकाल लागला. पांढरा कागद, उजेडाने पिवळा पडलेला. 'टोन्ड' म्हणून एक रुपयाही जास्त देऊ नका आणि त्या नावाखाली विकूही नका.

पहिल्याचं उत्तर बहुधा असं: दस्ताचा कागद जाड असला आणि त्याच्या रेघा ठळक असल्या की तिकिटातल्या फिकट रेघा त्यांच्यात हरवतात. तिसऱ्या अर्जाचा कागद पातळ असेल म्हणून तिथे दोन्ही दिसल्या. स्क्रू गेज मिळाला की दोन्ही अर्जांची जाडी मोजून बघा. दातातली रेघ, लांब तंतू आणि १८९३ची तारीख एकत्र धरली तर पहिलं तिकीट तिसऱ्याचंच भावंड आहे, लेड हातकागद. दुसरं वोव्ह, गिरणीचं.

नोंद करताना नुसतं 'लेड' लिहू नका. रेघा तिकिटात उभ्या की आडव्या, दहा मिलिमीटरमध्ये किती, दस्ताच्या रेघांची दिशा, तंतू, जाडी, दस्ताची तारीख मूळ सनात आणि इसवी सनात, आणि कसं पाहिलं ते (काच, टॉर्च, भोकाची कड) एवढं हवं. पुढे कोणी तुमचं निरीक्षण तपासायला घेतलं तर त्याला तीच गोष्ट त्याच पद्धतीने पाहता आली पाहिजे.

बोरू

एक विनंती. बाडातल्या बाकीच्या अर्जांचे फक्त तारखेच्या ओळींचे फोटो टाकलेत तर मी सगळ्या वाचून देते. फसली १३०४ ते १३११ या मधल्या वर्षांतला एखादा अर्ज निघाला तर कागद नेमका केव्हा बदलला ते आणखी जवळ येईल.

पानगळ

ताई, अकरा अर्ज आहेत. पक्षकारांची नावं झाकून आज रात्री टाकते. त्यातल्या दोनांवर तिकिटाला पंच नाही, नुसती शाईची फुली आहे. तेही चालतील ना?

जुनाकागद

चालतील. त्यांचे फोटो तिरप्या उजेडात घ्या, समोरून फ्लॅश मारू नका. आणि सुटलेले दात पुन्हा चिकटवू नका, तिथूनच बघायचंय.